लस म्हटली की टोचायची

सावळीरामच्या मूत्राशयातली कॅन्सरची गाठ डॉक्टरांनी दुर्बिणीतून खरवडून काढली, तेव्हा मखमलाबादच्या मळ्यात झेंडू ऐन भरात होता. "ती परत उगवू नये म्हणून बीसीजीची लस द्यायची. घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा आली तर मूत्राशय काढून पोटाला पिशवी लावावी लागेल."

सावळीरामला मरणापेक्षा त्या पिशवीचीच धास्ती. ती लटकवून कीर्तनात बुवांपुढे कसं बसायचं?

पण घरात जावई होते. राकेशराव सरकारी कचेरीत कारकून, म्हणजे त्यांना सगळ्यातलं सगळं कळे. "लसच ना, मामा? लस म्हटली की टोचायची! त्यासाठी दवाखान्यात कशाला?" त्यांनी ओळखीचा कंपाउंडर गाठला आणि लस सावळीरामच्या दंडावर टोचवून घेतली.

पुढे दंड फुगला, पिकला, अंगात ताप भरला. राकेशराव खूश! "बघा, लागू पडली!"

डॉक्टरांनी दंड पाहून कपाळाला हात लावला. "अहो, जीव गेला असता! अंगातली रोगाशी लढणारी फौज खवळली खरी, पण जमली दंडावर. आपल्याला ती आत हवी, जिथे गाठ होती. ही लस टोचायची नसते, नळीने मूत्राशयात सोडायची असते."

"नळीने? म्हंजे... तिकडून?" सावळीराम लाजून झेंडूसारखा झाला.

दंड बरा झाल्यावर दर आठवड्याला नळी सुरू झाली. लस आत गेली की दोन तास लघवी अडवायची. त्याचं सावळीरामला काय कौतुक? कीर्तनातून मध्येच उठणाऱ्यांकडे जन्मभर डोळे वटारून पाहिलेला माणूस तो! कुशी बदलत अभंग गुणगुणायचा.

"डॉक्टर, लय जळजळतंय वो."

"वा! फौज योग्य ठिकाणी पोचली."

लोकांच्या जळजळीवर इतका आनंदणारा माणूस सावळीरामने राकेशरावांनंतर हाच पाहिला.

तीन महिन्यांनी दुर्बिणीत मूत्राशय स्वच्छ दिसलं. सावळीराम तडक काळारामाच्या देवळात गेला, कीर्तनात पहिल्या रांगेत बसला. शेजारी राकेशराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उत्तररंग डॉक्टरांनी केला, पण पूर्वरंग आपलाच हं, मामा!"

मागून सावळीरामच्या बायकोचा, सुमनबाईंचा आवाज आला, "व्हय जावईबापू, तुमचंच कीर्तन. फकस्त देऊळ चुकलं!"

आणि आयुष्यात पहिल्यांदा सावळीराम कीर्तनात मोठ्याने हसला. बुवांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.