उपसेल त्याची वाळू

मित्रांनो, पाहताक्षणी तुम्ही मला तेल ओतायचे मोठे नरसाळे समजाल. पुष्कळजण समजतात. पण मी एक जुना कर्णा आहे. चाळीसगावातल्या एका पत्रेवाल्याने गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, गुंडाळला, सांध्याला डाख दिला आणि मला घडवले. माझ्यात बॅटरी नाही, तार नाही. बोलणाऱ्याचा आवाज चारी दिशांना पांगतो, तो मी एका बाजूला वळवतो. एवढेच माझे काम. आवाज कोणाचा असावा, हे मी ठरवत नाही.

मला हिलाल नानांनी विकत आणले, पण मालक हा शब्द त्यांना खपत नसे. "कर्णा बठ्ठासना शे," म्हणजे कर्णा सगळ्यांचा आहे, असे ते म्हणत आणि तसेच वागत. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठी आमचे गाव. तिथल्या शेतमजुरांच्या युनियनचे नाना पुढारी. त्यांनी मला लाल रंग दिला आणि एक रीत पाडली. ज्याच्या हातात कर्णा, तो बोलणार. बाकीचे गप्प बसणार, मग तो कितीही वेडेवाकडे बोलो. त्या रीतीमुळे घरातही तोंड न उघडणाऱ्या बायका माझ्यातून तहसील कचेरीवर गरजल्या.

माझ्या आयुष्यातली मोठी लढाई वाळूची. तेव्हा नदीत ठेकेदाराची यंत्रे उतरत आणि मजुरांच्या वस्तीतले हात रिकामे राहत. नानांनी घोषणा दिली, "कसेल त्याची जमीन, उपसेल त्याची वाळू!" किती दिवस मी ती ओरडलो! शेवटी वाळूचा घाट ठेकेदाराकडून सुटला आणि मजुरांच्या सोसायटीला मिळाला. यंत्रे गेली, फावडी आली. नफा सगळ्यांत सारखा वाटला जाऊ लागला. त्या पैशांतून वस्तीतल्या भिकुबाईने घरावर स्लॅब टाकला, लेकीला शाळेत ठेवले. विजयाच्या दिवशी नानांनी झेंडूची माळ स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. इतका मान एखाद्या कर्ण्याला क्वचितच मिळाला असेल.

नानांची नात मयुरी जळगावहून विज्ञानाची पदवी घेऊन आली, तेव्हा नदीचे पात्र खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते. ती रोज वस्तीच्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजी. मित्रांनो, वाळूच्या दोन कणांमध्ये पोकळी असते. पूर ओसरला तरी त्या पोकळ्यांत पाणी साठून राहते, आणि काठावरची विहीर ते हळूहळू पिते. वाळू गेली, की पुराचे पाणी नुसते वाहून जाते. मयुरीने हे नानांना ओट्यावर बसून समजावले.

"नाना, जमीन कितलीबी कसी तरी जागावरच ऱ्हास. वाळू गई का गई."

"माले शिकाडस का आते?" नाना हसले. "ठेकेदार चोर व्हता. आम्ही बठ्ठा वाटीसन खातस."

"मशीनना खड्डा काय नि फावडाना खड्डा काय, पानीले काय फरक पडस?"

नाना हसायचे थांबले. मी खुंटीवर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

पुढच्या सभेत विहिरीजवळचा पट्टा उपसायचा की सोडायचा, हे ठरणार होते. दूरची वाळू संपली होती, उरली होती ती तेवढीच. सभा पात्रातच भरली. मयुरी उभी राहिली, तसा सोसायटीतला पुना नावाचा मजूर ओरडला, "मयुरी, तू कोनी बाजूनी? ठेकेदारनी का आमनी?"

"मी विहीरनी बाजूनी!"

हशा पिकला. भिकुबाई मात्र हसली नाही. "तू शिकेल शे, माय. उद्या तुले नोकरी लागी. आम्ही फावडं खाली ठेवं तं खावानं काय?"

मयुरीचे उत्तर लांबलचक होते. तिने माझ्यासाठी हात पुढे केला. आणि मित्रांनो, मला मागणाऱ्याला नानांनी पहिल्यांदाच नाही म्हटले.

"कर्णा मजुरसना शे, माय. तुना हातले घट्टा शेतस का?"

ती तशीच बोलली. पात्रात वारा होता, वाळू वाहणाऱ्या ट्रॅक्टरची घरघर होती. मागच्यांना काहीच ऐकू गेले नाही. हात वर झाले आणि पट्टा उपसायचे ठरले.

फाल्गुनात भिकुबाईने विहिरीत बादली सोडली, तर ती दगडावर आपटली. ज्यांच्या शेतात खोल बोअर होते, त्यांच्याकडे पाणी होते. वस्तीकडे होती ती एकच विहीर. नफा सगळ्यांनी सारखा वाटून घेतला होता. खड्डा मात्र वाटताना वस्तीच्याच वाट्याला आला. नदीत आता खाली काळी चिकण माती लागली आहे. सोसायटीची फावडी भिंतीला टेकून आहेत. काम गेले ते गेलेच, पाणीही गेले.

आता मी टँकर आल्याची वर्दी देतो. परवा रांगेत ढकलाढकली सुरू होती. नाना उठले, त्यांनी मला मयुरीच्या हातात दिले. जुन्या रीतीने सगळी रांग गप्प झाली. भिकुबाईने हंडा खाली ठेवला.

"त्या दिन जे सांगनार व्हती, ते सांग आते," नाना म्हणाले.

मयुरीने मला ओठांशी धरले. तिच्या श्वासाची वाफ माझ्या पत्र्यावर साचली. मी वाट पाहत होतो.

"म्हातारासले पुढे येऊ द्या," ती म्हणाली. "एक घरले दोनच हंडा." आणि तिने मला खाली ठेवले.

मित्रांनो, माझ्या सांध्याला गंज लागला आहे. जमले तर तेलाचा हात फिरवा. नाही जमले तरी माझी तक्रार नाही. पण मला सर्वांचा म्हणालात, तर न आवडणारे बोलणाऱ्याच्याही हाती द्या, आणि विहिरीत पाणी असतानाच द्या. टँकर गेल्यावर मी कठड्यावर आडवा पडून असतो, तोंड विहिरीकडे. एखादी नव्याने आलेली सासुरवाशीण चुकून बादली सोडते. त्या बादलीचा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू येतो. तो दगडाचा असतो.