अकरा वर्षांची बोगनवेल

खोटं बोलायचंच, तर माणसाने निदान गरजेपुरतं बोलावं. अलकनंदाला तेवढाही पोच राहिला नाही.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात, सरकारी क्वार्टरांच्या कॉलनीत, बदलीची ऑर्डर आली की सामानाआधी कुंड्या हलतात. तुळस एकीकडे, मोगरा दुसरीकडे. गेल्या ऑक्टोबरात सुनीतीच्या नवऱ्याची, उन्मेषची, गुवाहाटीला बदली झाली तेव्हा तिनेही सगळ्या कुंड्या वाटून टाकल्या. एक मात्र ठेवायला दिली. बोटभर काडीपासून वाढवलेली फिकट गुलाबी बोगनवेल, एकाच खोडावर छत्रीसारखी पसरलेली. "ही दिलेली नाही हं अलका, सांभाळायला ठेवलीय," सुनीती म्हणाली होती, आणि कुंडीवर हात ठेवून उगाच दोन मिनिटं उभी राहिली होती.

मार्चमध्ये झाड असं फुललं की पान दिसेना. त्याच आठवड्यात, रविवारी, कॉलनीचा फ्लॉवर शो. अलकनंदाच्या स्वतःच्या पिटुनिया माना टाकून बसलेल्या. दिल्लीत सात वर्षं काढूनही कॉलनीत ती 'हरीशजी की मिसेस'च होती. तिने बोगनवेल नेऊन टेबलावर मांडली. सगळेच लावतात म्हणून कुंडीला नावाचं कार्ड लावलं, आणि कार्डावर नाव स्वतःचं घातलं. परीक्षक बाईंनी खोडावरून हात फिरवत विचारलं, "कितने साल लगे इसमें?"

"ग्यारह," अलकनंदा म्हणाली. इथे तरी थांबावं ना! पण जिभेला हाड कुठे असतं? "छोटी सी टहनी थी जी. बच्चे की तरह पाला है."

शेजारच्या टेबलापाशी नीरजा उभी होती. ती सुनीतीची जुनी मैत्रीण. तिने अलकनंदाकडे एकदाच पाहिलं आणि मग आपल्या डेलियांची पानं पुसत राहिली. अलकनंदाची कानशिलं तापली. पण तेवढ्यात माइकवर नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या, आणि पहिल्या नंबरचा कप घ्यायला बाईसाहेब गेल्याच.

हरीशला घरातलं कुठलं झाड कुणाचं याचा पत्ता असता तर तो हरीश कसला! त्याने कौतुकाने कपासकट बायकोचा फोटो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. बदली झालेलं माणूस क्वार्टर सोडतं, ग्रुप सोडत नाही. पहिलं उत्तर गुवाहाटीहून आलं. "बहुत बहुत बधाई, अलकनंदा."

ते वाचून अलकनंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारचं जेवण तसंच राहिलं. शेवटी तिने धीर करून फोन लावला. "सुनीती, अगं, मी..."

"नीरजाचा फोन आला होता मला," सुनीती शांतपणे म्हणाली. "ती ग्रुपवर सगळं लिहायला निघाली होती. म्हणून मीच आधी अभिनंदन टाकून दिलं. मग कोण काय बोलणार? तुला तिथे राहायचंय."

"माफ कर गं. स्वतःची लाज वाटतेय मला."

सुनीती म्हणाली, "उन्मेषना इथे अजून चार वर्षं आहेत. झाड तुलाच देऊन टाकायचं ठरवलं होतं मी. याच आठवड्यात सांगणार होते. तू नुसतं 'देशील का' म्हणाली असतीस तरी... आता नाही देववत. आजच नीरजाकडे पोचवशील?"

हरीश "मी उचलतो" म्हणत पुढे झाला, पण तिने त्याला हात लावू दिला नाही. कुंडी पोटाशी धरून, एकेक पायरी चाचपत ती खाली उतरली. रविवारची संध्याकाळ, पार्कात सगळी कॉलनी लोटलेली. तळमजल्यावरचे खन्नाजी लांबूनच ओरडले, "अरे वाह, विनर को लेके कहाँ चलीं?"

हसून पुढे जाता आलं असतं. सुनीतीने तेवढी सोय करून ठेवलीच होती. अलकनंदाने कुंडी खाली टेकवली.

"ये मेरा नहीं है," ती म्हणाली. "सुनीतीजी का है. ग्यारह साल उन्होंने पाला. मैंने झूठ बोला था."

खन्नाजींचं हसू तोंडावरच राहिलं. "अच्छा," ते म्हणाले, आणि खिशातला फोन काढून उगाच बघू लागले.

तिने कुंडी पुन्हा उचलली. नीरजाचा ब्लॉक पार्काच्या पलीकडच्या टोकाला होता, आणि समोरून चौघीजणी "बधाई हो!" म्हणत येत होत्या.