मी बोंडअळी नव्हे!

अहो, इकडे बघा! जांभळ्या दगडाच्या खालच्या भोकातून मी बोलतोय. गुलाबी अंग, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांची झालर, आणि पाय इतके की माझे मलाच मोजता येत नाहीत. मी समुद्रातला काटेरी किडा. राहतो मात्र मोताळ्याला, महामायाताईंच्या बैठकीत, काचेच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात. समुद्राचा जीव आणि कपाशीच्या मुलखात! मला अजून नवल वाटतं.

मला कुणी बोलावलं नव्हतं. ताईंनी टाकीत मांडायला मागवला होता समुद्रातला दगड. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो दगड रेल्वेने मलकापूरला उतरला, तिथून जीपने मोताळ्याला आला, आणि त्याच्या भोकाभोकांत आम्ही फुकटे प्रवासी दडून बसलो होतो. पिसांचा पंखा उघडणारा एक नळीतला किडा, नखाएवढा तारामासा, मी, आणि सगळ्यांत आत एक केसाळ खेकडा. काय मजा आली म्हणून सांगू!

माझं काम साधं. उरलंसुरलं, मेलेलं, कुजलेलं खायचं आणि पाणी घाण होऊ द्यायचं नाही. जिवंताला मी तोंड लावत नाही. पण टाकीतल्या गोगलगाई एकेक करून संपायला लागल्या, नुसते शंख उरले. मग एका सकाळी नारिंगी पट्टेवाल्या जोडीतला एक मासा मेलेला सापडला, आणि त्याच्यावर ताव मारत बसलेला मी.

नेमकं ते पाहिलं ताईंच्या सासऱ्यांनी, शंकररावांनी. उभा जन्म कपाशीत गेलेला माणूस. बोंड फोडावं आणि आत गुलाबी अळी वळवळावी, हे त्यांनी कितीदा सोसलेलं.

"इकडे ये व महामाया. बोंडअळी पडली तुह्या टाकीत," ते म्हणाले, आणि बोंडातून अळी काढावी तसं त्यांनी मला थेट चिमटीत धरलं.

माझे केस त्यांच्या बोटात कुसळासारखे रुतले आणि मी सुटलो. ताईंनी चिकटपट्टी लावून कुसळं उपटली, पण म्हाताऱ्याचा राग काही उतरेना. ते निंबोळी अर्काची बाटलीच घेऊन आले. झाकणभर पडलं असतं तरी मी, तारामासा, उरलेला मासा, सगळ्यांचाच कारभार आटोपला असता. भीतीने माझी गाठ झाली.

ताईंनी बाटलीवर हात ठेवला. "मामाजी, कपाशीत ढालकिडा दिसला तं फवारता काय?"

"त्याले काऊन मारू? तो पिकावरचा मावा खाते. मित्रकिडा हाय तो."

"मंग हा मित्र हाय का दुश्मन, हे तं आधी पाहू."

म्हातारा बाटली खाली ठेवून, खुर्ची ओढून टाकीसमोर बसला. पिकाची पाहणी करायची सवयच त्याची.

दिवेलागणीला टाकीतला उजेड मालवला, तसा मी बाहेर पडलो. डुलक्या घेणाऱ्या माशाच्या शेपटीजवळून गेलो आणि तळाचा शिळा दाणा उचलला. इतक्यात वरच्या भोकातून केसाळ खेकड्याची काळ्या टोकाची नांगी आली आणि तिने शेवटची गोगलगाय उलटी केली.

"चोर तं हा हाय," शंकरराव उठले. ताईंनी हात घालून गोगलगाय सोडवली.

मग त्यांनी काचेच्या पेल्यात कोळंबीचा तुकडा टाकून पेला दगडाला तिरपा टेकवला. खेकडा हावरटासारखा आत शिरला, पण गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येईना. आता तो वेगळ्या बरणीत राहतो. शंकरराव त्याला खायलाही घालतात आणि शिव्याही घालतात.

आज नवा दगड आलाय! एका भोकात काहीतरी हिरवं हललं आणि ताईंनीच घाईने चिमटा उचलला.

"थांब व बाई," शंकरराव म्हणाले, "आधी वळखू दे."

हे ऐकून मला काय आनंद झाला! तुम्हीही एवढंच करा. अनोळखी जीव दिसला, तर आधी त्याची ओळख पटू द्या, मग काय ती शिक्षा.

शंकररावांनी ते कुसळं रुतलेलं बोट माझ्या भोकासमोर आणलं. मी तोंड बाहेर काढलं. काच मात्र आम्ही दोघांनीही मधे राहू दिली.