तुकारामाने अडवलेला दोरा

नागावात अमावास्येच्या भर दुपारी किशोरीवहिनींच्या पडवीत चाळीस माणसं एका शिलाई मशीनचं दर्शन घेत होती. मीही होतो. फुकटचा चमत्कार चुकवण्याइतका मी अजून सुधारलेलो नाही.

मशीन चामडं शिवायचं, मोटरवर चालणारं. त्यावर वहिनींचा नवरा तुकाराम चपला आणि पिशव्या शिवायचा, पर्यटक घेऊन जायचे. चार महिन्यांपूर्वी तो गेला. त्याच्या तेराव्यापर्यंत मशीन गप्प उभं होतं. चौदाव्या दिवशी वहिनी त्यावर बसल्या आणि पहिल्याच पट्ट्याला दोरा तुटला. तेव्हापासून तुटतोच आहे. गावाने निदान केलं, तुकाराम आत बसलाय.

जिवंतपणी तुकारामाने कुणाला अडवलं नव्हतं. मेल्यावर माणसं सुधारतात म्हणावं, तर हे उलटंच.

त्याला बाहेर काढायला आलेल्या धनेशबाबांनी मशीनवर लाल फडकं टाकलं. मोरपिसांचा जुडगा घेऊन दोन्ही हात फडक्याखाली घातले.

"तुकाराम! दोरा सोड! बायकोचा हात सोड!"

फडकं निघालं. सुईच्या टोकावर लिंबू. बाबांनी ते अलगद काढलं, पायडल दाबलं. वीतभर शिवण सरळ आली.

"सुटला, सुटला!" गर्दीतला सदू ओरडला.

"थांब," बाबा म्हणाले. "जातोय की राहतोय, विचारतो." पुन्हा फडकं, पुन्हा मोरपिसं. या खेपेला दोन टाके पडले आणि दोरा तटकन तुटला. "राहतो म्हणतोय. माउली, हे यंत्र घरात ठेवू नका. आश्रमात बांधून ठेवतो. टेम्पो बोलावलाय."

वहिनींनी मशीनवर हात ठेवला. "बाबा, ह्ये नेलंत तर मी खाऊ काय?"

"नवऱ्याची मुक्ती मोठी, की पोट?"

या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणूनच बाबालोक तो विचारतात.

अलिबागला शिवणकाम शिकवणाऱ्या नूतनबाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "वहिनी, सुई कधी बदललीत?"

"तेराव्यानंतर. जुनी बोथट झालेली."

"आधी कोण बदलायचं?"

"ह्येच. मला हात लावू देत न्हवते. बोट जाईल म्हनायचे. मी आपली घरच्या मशीनवर ब्लाऊज शिवायची."

नूतनबाईंनी पडवीतल्या घरगुती मशीनची सुई काढून सगळ्यांना दाखवली. "हिचा वरचा दांडा एका अंगाने चपटा आहे. ती एकाच बाजूने बसते, बघावं लागत नाही. या मोठ्या मशीनच्या सुईचा दांडा गोल. कशीही बसते. पण सुईला ही लांब खाच असते, तिच्यातून दोरा उतरतो. या मशीनवर ती डावीकडेच हवी. वळली, की खालच्या आकड्याला दोरा नीट सापडत नाही. टाके चुकतात, दोरा तुटतो. बाबा, जरा मोरपिसं द्या."

"स्त्रियांनी शिवायची नाहीत!"

सदूने शिवली. पिसांच्या मुठीतून बोटभर स्क्रूड्रायव्हर निघाला.

"फडक्याखाली स्क्रू सैल केला, सुई फिरवली, झाली मुक्ती. दुसऱ्यांदा उलटी फिरवली, झाला मुक्काम," नूतनबाई म्हणाल्या. "हे काम कुठे शिकलात?"

"मुंबईत, पाकिटांच्या कारखान्यात," बाबा पहिल्यांदाच मंत्राशिवाय बोलले. टेम्पो आला तेव्हा त्यात फक्त बाबाच चढले.

नूतनबाईंनी सुई नीट बसवली. वहिनींनी अख्खा पट्टा शिवला. दोरा तुटला नाही. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी शिवलेल्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"म्हंजे बाय, ते हितं कवाच न्हवते?"

"नाही, वहिनी."

"दोरा तुटला, की मी म्हनायची, चुकलं वो माझं, रागावू नका. मग जेवनाचं सांगायची, पावसाचं सांगायची. चार म्हयने." त्यांनी पदराने मशीन पुसलं. "बरं झालं सांगितलंस. शिवायला तर पायजेच."



मंडळी, दोरा तुटला तर सुई बघा, ती फिरवायला बाबा लागत नाही. पण हेही बघा, की त्या चार महिन्यांत आपल्यापैकी एकही माणूस या बाईजवळ येऊन बसला नव्हता, आणि लिंबू बघायला चाळीस आलो. मेलेल्याला सांगायचं ते ऐकायला जिवंत माणूस मिळाला नाही, की ती जागा बाबा घेतो. त्याच्याआधी आपण जाऊन बसू या. जाताना मोरपिसं लागत नाहीत.