माझ्या पोटातली बुळबुळ

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. जवळ यायचं असेल तर नाक धरून या, कारण मला वास येतो आणि तो मी लपवत नाही. तुम्हाला माझी किळस येईल, येऊ द्या. मला तुमची त्याहून जास्त येते. का, ते ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. मूल गावच्या बाजारात जुने ड्रम विकणाऱ्याकडून मला सावली तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावी आणलं. काही वर्षं मी लग्नमांडवात पिण्याचं पाणी भरून उभा राहायचो. लोक माझ्यात खरकटे हात कोपरापर्यंत बुडवायचे आणि त्याच पाण्याने वऱ्हाडाची तहान भागायची. माणसाच्या स्वच्छतेच्या गप्पांवरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

मग गावातल्या ढीवरांच्या मच्छीमार सोसायटीने तलावाच्या पाळीवर एक खोली बांधली आणि तिच्यात भिंतभर लांब काचेची टाकी बसवली. आपल्याच तलावातले मासे तिच्यात ठेवायचे, शाळेतल्या मुलांनी आणि पाहुण्यांनी ते पाहायचे, असा बेत होता. टाकीची जबाबदारी सोसायटीतल्या रंभाबाईकडे आली. तिने माझ्या पोटात खाली गोटे, वर विटांचे तुकडे आणि त्यावर फोमचे जाड थर भरले, पंप जोडला. टाकीतलं पाणी माझ्यात यायचं आणि थरांतून झिरपून परत टाकीत जायचं.

काही आठवड्यांत माझ्या विटांवर आणि फोमवर तपकिरी, बुळबुळीत साय धरली. शेंबडासारखी. बोट लावलं तर तुम्ही दिवसभर हात धुवाल. पण मित्रांनो, मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचं विष होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतं. माझ्या बुळबुळीत राहणारे बारके जीव ते विष खाऊन टाकतात. रंभाबाई हे शिकून आली होती. फोम फारच तुंबला, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच ती तो हलक्या हाताने पिळायची, नळाखाली कधी धरायची नाही. टाकीचं पाणीही एकदम कधी बदलत नसे. थोडं काढायची, तेवढंच तलावाचं घालायची.

आता पाहायला येणाऱ्यांचं ऐका. कोणी लाह्या टाकायचं, कोणी चिवडा, कोणी हळदीकुंकवाचे तांदूळ. ते सगळं कुजून माझ्याकडे यायचं. तेही मी सोसलं असतं, पण खर्रा? तंबाखू-सुपारीचा तो तोबरा गालात धरून माणसं टाकीवर वाकायची, माशाकडे बोट दाखवून "ते पाय, ते पाय मोठी" म्हणायला तोंड उघडायची आणि तपकिरी लाळेची तार सुटून पाण्यात पडायची. एकदा खर्र्याची प्लास्टिकची पन्नी माझ्या नळीत अडकली, तिच्यात लाळेने भिजलेला चुरा तसाच होता. आणि हीच नाकाने कांदे सोलणारी मंडळी माझं झाकण उघडून "छी" म्हणायची.

तरी मी टिकलो, कारण टाकीत मरळीची जोडी होती. गावच्या तलावात मरळ दिसेनाशी झाली होती. रंभाबाईने ही जोडी एका आटत्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, चिखलातून वाचवून आणलेली. पावसाळ्यात त्या जोडीला पिल्लं झाली. लालभडक, मुगाएवढी, सगळा थवा एकत्र फिरणारा, आणि खाली आईबाप पहारा देणारे. असा लाल थवा दिसला की जाळं टाकायचं नाही, ही या गावच्या ढीवरांची जुनी रीत. पिल्लं बोटभर झाली की तलावात सोडायची, असं रंभाबाईने ठरवलं होतं. तिचा सगळा जीव त्या थव्यात अडकला होता.

अशात जिल्ह्याहून मोठे साहेब येणार असं कळलं. नेमकी रंभाबाई बहिणीकडे बारशाला मूलला गेली होती. सोसायटीचा अध्यक्ष धनराज खोलीत आला आणि त्याने वारलूला हाक मारली. वारलू हा ग्रामपंचायतीचा माणूस. गावच्या विहिरींत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायचं काम त्याचं, आणि तो ते कधी चुकवत नसे.

"वारलू, उद्या पाव्हणे येऊन राह्यले. अन् हा ड्रम कसा वास मारून राह्यला. साफ कर ना बापा."

"रंभाबाई नाई ना इथी. हात नको लावू म्हणते ते."

"साऱ्या गावाच्या विहिरी तू साफ करते. मंग ही टाकी काऊन नाई जमन तुले?"

झालं. वारलूची छाती फुगली. त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि दाराबाहेर जाऊन ओकला. मग तोंडाला दुपट्टा बांधून आला. विटा, गोटे, फोम, सगळं बाहेर काढून त्याने नळाखाली टीसीएलने घासलं, मलाही आतून पांढरं होईपर्यंत खरवडलं. शेवटी विहिरीत टाकतात तशी पावडर कालवून टाकीतही ओतली. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण माझ्या पोटातलं सगळं गाव त्याने गटारीत वाहून टाकलं.

संध्याकाळपर्यंत पाणी आरशासारखं झालं. धनराज म्हणाला, "पाणी हाय का नाई, तेच समजत नाई." इतक्या वर्षांत माझं पहिलं कौतुक झालं आणि मला त्याची शिसारी आली.

सकाळी पहिल्या एसटीने रंभाबाई आली. दारातच तिला टीसीएलचा वास आला. रोहू पोट वर करून तरंगत होते. लाल थवा पांढरा पडून तळाशी विखुरला होता. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून ती जोडी तगली होती; बाकी थोडेच मासे कसेबसे धापा टाकत होते. दोघं अजूनही त्या पिल्लांभोवती फिरत होती.

"कोनं केलं?"

"म्या," वारलू म्हणाला. "विहिरीत टाकतो तेवढंच टाकलं बाई."

"विहिरीत कोनाचे लेकरं राह्यते का?"

वारलू घमेली घेऊन आला. दोघांनी मिळून जे जिवंत होतं ते घमेल्यांतून तलावात नेऊन सोडलं. मरळीची जोडी शेवटी निघाली. मादी काही केल्या तळ सोडत नव्हती.

तोवर धनराज धावत आला. "बाजारातून जिते मासे आनून टाकू. कोनाले समजन?"

"ते बी मरतीन," रंभाबाई म्हणाली. "ड्रम मेला हाय." मग तिने मेलेले रोहू उपसून बाहेर नेले, मेलेली पिल्लं एकेक करून गाळून काढली, स्टीलच्या ताटात ठेवली आणि ते ताट टाकीपुढच्या स्टुलावर मांडलं. धनराज ते उचलायला गेला तर वारलूच आडवा झाला.

साहेब आले. हारतुरे झाले. काचेवर हात ठेवून ते म्हणाले, "वा, किती स्वच्छ पाणी आहे." मग वास कुठून येतो म्हणून खाली पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. "ही कसली घाण?"

"घाण नाई साहेब," रंभाबाई म्हणाली. "मरळीचे पिल्लं हायेत. तलावात सोडाचे होते. त्या स्वच्छ पाण्यानं मारले."

साहेबांनी ताटाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि काचेवरचा हात हळूच काढून पँटला पुसला. मित्रांनो, मी माणसांना नको त्या गोष्टीची किळस करतानाच पाहत आलो. योग्य गोष्टीची किळस करणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आता टाकीत तलावाचं नवं पाणी आहे, आणि माझ्या पोटात रंभाबाईने तलावातले शेवाळलेले गोटे भरलेत, त्यांच्यावरचे बारके जीव माझ्यात पसरावेत म्हणून. वारलू रोज येतो, झाकण उचलतो, तोंड वाकडं करतो, पण साय धरली का ते पाहतो. मित्रांनो, टाकीत पुन्हा मासे आले की पाहायला या, पण तोंडातला खर्रा बाहेर थुंकून या, आणि चकचकीत दिसतं ते जिवंत असेलच असं समजू नका. माझी बुळबुळ परत येईल. तलावात मात्र आता त्या दोनच मरळी आहेत, आणि त्यांना पुन्हा पिल्लं होतील की नाही, हे रंभाबाईलाही ठाऊक नाही.