गळ्यावर कोरलेलं गाव

मित्रांनो, पोचा पडलेली एक जुनी पितळी घागर तुमच्याशी बोलते आहे. माझा पोचा पाहून लोक विचारतात, "पडली होती का?" पडले नाही हो, मारलं मला! कुणी मारलं ते सांगेनच. पण मला स्वतःला वेगळाच प्रश्न छळतो. ते सगळं सुरू नेमकं कोणत्या दिवशी झालं?

वीरण्णामामांनी भाचीच्या लग्नात द्यायला मला नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या बाजारात घेतलं. कासारानं माझ्या गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं ठोकली: 'जगदेवीस, मामा वीरण्णा, कंधार'. अशा गुदगुल्या झाल्या मला! दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव-गाव घालायचं, ही आमच्याकडची रीतच. मग जगदेवीबरोबर मीही अहमदपूरजवळच्या एका खेड्यात नांदायला आले. तिचा धाकटा दीर बसवंत शेतातून आला की आधी मलाच शोधायचा. माझ्यातलं पाणी प्यायल्याशिवाय त्याची तहानच भागत नसे.

लातूर नवा जिल्हा झाला, आमचं खेडं त्यात आलं आणि पुढे थोड्याच वर्षांत दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. दिवसाआड टँकर येई. बायका घागरी रांगेत ठेवून कामाला जात. घागर उभी म्हणजे बाई उभी. पण टँकर आला की ढकलाढकली. तेव्हा व्यंकटी नावाच्या माणसानं तरणी पोरं जमवली आणि 'जिल्हा राखण दल' काढलं. गळ्यात पिवळा रुमाल, हातात शिट्टी. बसवंतही त्यात गेला. म्हाताऱ्या चतुराबाईची घागर पोरं घरपोच करत. मीसुद्धा मनात म्हटलं, शाब्बास रे! त्या दिवशी सुरू झालं का? छे, त्यात काय वाईट होतं?

मग शिट्टी जाऊन काठी आली. पारावर रोज व्यंकटीचं भाषण. पाणी का पुरत नाही? बाहेरचे पितात म्हणून. "आपला जिल्हा, आपलं पाणी!" खरं तर टँकरच अर्धा भरून येत होता, पण टँकरवर काठी कोण उगारणार? पोरांनी शपथा घेतल्या. बसवंत घरात तीच वाक्यं बोलू लागला. जगदेवी म्हणायची, "माझा दीर कुठं हरवला गं बाई!"

सटवाजी आणि पंचफुलाबाई हे जोडपं नांदेडकडून मजुरीला आलं होतं. एका सकाळी दलानं त्यांची घागर रांगेतून भिरकावली. सटवाजी आडवा आला, तर त्याचा हात मोडला. त्याच दिवशी दोघं गाव सोडून गेली. रांगेतल्या बायका गप्प. जगदेवीही गप्प.

दोन दिवसांनी पुढच्या टँकरसाठी रांग लागली. व्यंकटी म्हणाला, "घागरीवरची गावं वाचा. जिल्ह्याबाहेरची दिसली की हाणा." बसवंत पुढे झाला. पहिली मीच होते.

"कंधार," त्यानं वाचलं आणि थांबला. मला ओळखलं त्यानं, शपथेवर सांगते!

"बघतोस काय? हाण!" व्यंकटी ओरडला.

आणि काठी बसली.

जगदेवी धावत आली. मला वाटलं, आता रडेल. पण ती म्हणाली, "दमा भावजी, रांग लई लांब हाय. मागचीबी वाचा की. मोठ्यानं वाचा."

मागे तिच्या सासूची घागर होती. बसवंत पुटपुटला, "नागाबाईस... गंगाखेड."

"तुमच्या आईचीच हाय न्हवं? मग हाणा की!"

बायका एकेक करून पुढे आल्या, आपापली घागर त्याच्यासमोर धरू लागल्या. मुखेड. पालम. लोहा. अहो, सुना बाहेरूनच येतात ना! निम्म्या रांगेचं माहेर जिल्ह्याबाहेरचं होतं. बसवंतच्या हातून काठी गळाली. रुमाल काढून तो माझ्याशेजारी मटकन बसला. "वैनी, चुकलो," एवढंच म्हणाला.

व्यंकटीचं दल मात्र मोडलं नाही. ते दुसऱ्या गावांत गेलं, तिथं बाहेरून आलेल्या मजुरांच्या झोपड्या जाळल्या. बसवंत सटवाजीला शोधायला दोनदा नांदेडकडे जाऊन आला. कुणी सापडलं नाही.

पुढे तांबट म्हणाला, "पोचा काढून देतो." जगदेवी म्हणाली, "राहू द्या."

मित्रांनो, मला चिंच लावून घासा, लख्ख ठेवा, पण पोचा तेवढा काढू नका. तो पाहिला की माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं: सगळ्या गप्प राहिल्या, त्या दिवशी. रांगेतली दुसऱ्याची घागर कुणी उचलून फेकली, तर त्याच दिवशी बोला. आमच्या बायका बोलल्या, छान बोलल्या, पण माझ्यावर काठी पडल्यावर. सटवाजीचा हात त्याच्या दोन दिवस आधीच मोडला होता.