पानं बघायला ये

"पानं बघायला ये," असं सेइझोनं मुलीला फोनवर सांगितलं खरं, पण शरदात लाल होणाऱ्या पानांचं नुसतं निमित्त होतं. म्हाताऱ्याचे डोळे चालले होते. मधोमध काळा डाग, कडेनं धुकं, आणि रंग तर उन्हाळ्यातच गेलेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता सुधारणा नाही, एकटे राहू नका. म्हणजे मुलीला, चिझुरूला, त्याला म्हणायचं होतं, "मला तुझ्याकडे घेऊन चल." बस, एवढंच. पण काय म्हणावं या माणसाला! जन्मभर कुणावर भार नको, कुणाला तोशीस नको करत जगलेला. फोनवर त्याला ते जमेना. मियाके सावकारांचं जुनं घर आता तिकीट लावून लोकांना दाखवतात; त्या घरात बागेकडे तोंड करून शेजारी शेजारी बसलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. तिथे जमेल, असं त्याला वाटलं.

चिझुरू ओसाकाहून सकाळच्या गाडीनं आली. मियाकेंच्या दारात बूट काढताना सेइझोनं भिंत धरली.

"गुडघे का?" तिनं विचारलं.

"वय झालं गं आता."

बागेकडच्या ओसरीवर दोघं बसली. तिनं चहाचा वाडगा त्याच्या हातात दिला. आधी चार गोड शब्द बोलावेत, मग विषय काढावा, म्हणून तो समोरच्या धुक्याकडे तोंड करून म्हणाला, "काय लाल झालंय गं! यंदा तर कहरच केलाय पानांनी." नोव्हेंबर संपत आला होता. या दिवसांत ही बाग दर वर्षी पेटलेली असायची.

चिझुरू जी हसत सुटली!

"अहो बाबा! एक पान लाल नाहीये. यंदा उकाडा हटलाच नाही, सगळं हिरवंगार आहे. तिकिटाच्या बाई बिचाऱ्या सगळ्यांची माफी मागतायत."

वाडगा त्याच्या ओठाशीच थांबला. अरे, आता तरी बोल ना बाबा! आयती संधी चालून आलीय. पण नाही.

"तुला हसवायला म्हटलं," तो म्हणाला. "आल्यापासून तोंड पाडून बसलीयस."

"तुम्ही पण ना!" तिनं डोळे पुसले. "खरं सांगू? मी घाबरूनच आले. शेजारच्या ओगिनोमेकाकू म्हणाल्या, तुम्ही पायरीवर पडलात. तुमच्या जावयाची, नोबुहिकोची बँकॉकला बदली झालीय. मी त्याला म्हटलं, बाबांना बरं नसेल तर तू एकटा जा, मी त्यांना आपल्या घरी आणीन. बरे आहात ना तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय! त्या ओगिनोमेबाईंना दुसरे उद्योग नाहीत. तू जा खुशाल."



"नक्की ना?"

"नक्की."

चिझुरूनं सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. केवढी सुटका होती त्यात.

फाटकापाशी तिनं त्याचा हात दाबला. "फोन करते हं, बाबा." तिची पावलं खडीवर वाजली आणि इतरांच्या पावलांत मिसळून गेली. आपलं माणूस वळणाआड होईपर्यंत हात हलवत उभं राहायचं, ही रीत. सेइझो स्टेशनच्या दिशेला हात हलवत राहिला. चेहराही हसरा ठेवला.

"आजोबा, तिकडे कुणाला हात करताय?" तिकिटाच्या बाई बाहेर आल्या होत्या. "तुमची लेक इकडे होती, बसच्या थांब्यावर."

"होती?"

"चांगली बराच वेळ उभी होती हो, तुमच्याकडे बघत, तोंडावर हात धरून. मला वाटलं, परत येतेय. मग बस आली."

म्हणजे आपल्याला दिसत नाही, हे तिला कळलं होतं. कळलं, आणि तरी ती बसमध्ये चढली. आणि तिला बोल तरी कुठल्या तोंडानं लावणार? जा म्हणणारा तोच.

आत येऊन बसता का, असं बाई विचारत होत्या. सेइझो रडत होता, भर दारात, लोकांच्या देखत.